बाहेर काढलेल्या इंजिनाचा मोटरग्लायडरच्या उड्डाणावरील परिणाम

मोटरग्लायडर म्हणजे इंजिन बसवलेले ग्लायडर. यांपैकी अनेक प्रकारांत इंजिन किंवा प्रोपेलर धडाच्या आत घडी करून ठेवलेला असतो आणि गरज पडल्यावरच बाहेर काढला जातो. इंजिन बाहेर असून ते चालत नसेल, तर त्याचा खांब, प्रोपेलर व उघडी झडप यांमुळे हवेचा अवरोध खूप वाढतो. ग्लायडरची दूरवर तरंगत जाण्याची क्षमता निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते, खाली येण्याचा वेग वाढतो आणि उतरण्याचे सर्व अंदाज बदलतात. त्यामुळे संकटात मदत व्हावी म्हणून बसवलेले इंजिन सुरू न झाल्यास संकटात भर घालते. मोटरग्लायडरच्या वैमानिकाला द्यावयाच्या प्रशिक्षणात या विरोधाभासाला महत्त्वाचे स्थान आहे.

पार्श्वभूमी

साध्या ग्लायडरला हवेत नेण्यासाठी विंच किंवा ओढणारे विमान लागते. हवेतील चढते प्रवाह संपले, की वैमानिकाला जवळच्या विमानतळावर किंवा एखाद्या शेतात उतरावे लागते. हे परावलंबन कमी करण्यासाठी ग्लायडरला लहान इंजिन जोडण्याचे प्रयत्न लवकरच सुरू झाले. ब्रिटनमध्ये १९३५ साली उडालेले कार्डन-बेन्स ऑक्झिलरी हे आत घेता येणारे इंजिन असलेले आरंभीचे ग्लायडर मानले जाते. त्यात मोटरसायकलच्या वर्गातील व्हिलियर्स कंपनीचे २४९ घन सेंटीमीटर क्षमतेचे इंजिन होते. जर्मनीतील ग्लासर-डिर्क्स कंपनीच्या डीजी-४०० या ग्लायडरने १९८१ साली प्रथम उड्डाण केले. विजेवर आत-बाहेर होणारे इंजिन हे त्याचे वैशिष्ट्य होते आणि त्यानंतर ही रचना मोठ्या प्रमाणावर रूढ झाली.

प्रकार

इंजिनाच्या मांडणीनुसार मोटरग्लायडरचे पुढील प्रकार पडतात.

स्वयं-उड्डाणक्षम ग्लायडर: यांचे इंजिन ग्लायडरला जमिनीवरून स्वबळावर हवेत नेऊ शकते. डीजी-४०० मध्ये संपूर्ण इंजिन खांबासह धडातून वर येते. श्लायखर कंपनीच्या एएसएच २६ ई मध्ये इंजिन धडातच राहते व केवळ प्रोपेलरचा खांब वर येतो.

साहाय्यक इंजिनाचे ग्लायडर: यांना बोलीभाषेत 'टर्बो' म्हणतात. त्यांचे इंजिन लहान असते. ते उड्डाणासाठी पुरेसे नसते, परंतु हवेत असताना उंची टिकवून घरी परतण्यास उपयोगी पडते. डिस्कस बीटी हे याचे उदाहरण आहे.

पर्यटन मोटरग्लायडर: यांत इंजिन साध्या विमानाप्रमाणे नाकावर कायमचे बसवलेले असते. १९६३ साली प्रथम उडालेले शाइबे कंपनीचे एसएफ-२५ फाल्के या वर्गात मोडते. यात इंजिन बाहेर काढण्याचा प्रश्नच येत नाही, म्हणून या लेखातील विवेचन मुख्यत्वे पहिल्या दोन प्रकारांना लागू होते.

अवरोध वाढण्याची कारणे

ग्लायडरची सारी रचना अवरोध कमी करण्याभोवती गुंफलेली असते. लांब व अरुंद पंख, गुळगुळीत पृष्ठभाग आणि निमुळते धड यांमुळे सुमारे ५०० किलोग्रॅम वस्तुमानाच्या ग्लायडरवर तरंगताना साधारण ११ किलोग्रॅम वजनाइतकाच अवरोध येतो. याउलट बाहेर काढलेला इंजिनाचा खांब ओबडधोबड असतो. सिलिंडर, निष्कास नळी, पट्टा, तारा, आधाराचे दांडे आणि थांबलेला प्रोपेलर यांपैकी कशालाच निमुळता आकार नसतो. त्यांच्यामागे हवेचे भोवरे तयार होतात आणि ऊर्जा वाया जाते. मूळ अवरोध अत्यंत कमी असल्याने ही भर प्रमाणाबाहेर मोठी ठरते. साध्या विमानात तेवढ्याच आकाराचा खांब फारसा जाणवला नसता.

प्रोपेलरची अवस्थाही महत्त्वाची असते. इंजिन बंद असताना प्रोपेलर वाऱ्याने फिरत राहिला, तर तो इंजिनाला फिरवण्यासाठी ग्लायडरच्याच गतीतून ऊर्जा घेतो. म्हणून अनेक प्रकारांत प्रोपेलर थांबवण्यासाठी वेगळा ब्रेक असतो. दोन पात्यांचा प्रोपेलर धडात जाण्यासाठी तो खांबाच्या रेषेत उभा थांबवावा लागतो.

ग्लाइडवरील परिणाम

ग्लायडरची कार्यक्षमता ग्लाइड गुणोत्तराने व्यक्त केली जाते. स्थिर हवेत एक मीटर उंची खर्चून ग्लायडर किती मीटर पुढे जाते, हे या गुणोत्तरावरून समजते. १५ ते १८ मीटर पंखविस्ताराच्या आधुनिक ग्लायडरचे गुणोत्तर साधारण ४० ते ५० असते. इंजिन बाहेर व बंद असताना ते किती घटते, हे प्रत्येक प्रकारात वेगळे असते आणि त्या ग्लायडरच्या उड्डाणपुस्तिकेत दिलेले असते.

पुढील तक्ता हिशेब समजण्यापुरता आहे. त्यात ५०० किलोग्रॅम वस्तुमान, ताशी १०० किलोमीटर वेग आणि स्थिर हवा गृहीत धरली आहे. इंजिन आत असतानाचे गुणोत्तर ४५ व बाहेर असतानाचे २० मानले आहे. ग्लायडर जमिनीपासून ६०० मीटर उंचीवर असून त्यातील २०० मीटर उतरण्याच्या फेऱ्यासाठी राखून ठेवले आहेत.

| बाब | इंजिन आत | इंजिन बाहेर, बंद |
|---|---|---|
| एकूण अवरोध | सुमारे ११० न्यूटन | सुमारे २४५ न्यूटन |
| खाली येण्याचा वेग | ०.६२ मीटर प्रतिसेकंद | १.३९ मीटर प्रतिसेकंद |
| ४०० मीटर उंचीत कापलेले अंतर | १८ किलोमीटर | ८ किलोमीटर |
| त्यासाठी मिळणारा वेळ | सुमारे ११ मिनिटे | सुमारे ५ मिनिटे |

या उदाहरणात एकट्या इंजिनाचा अवरोध उरलेल्या संपूर्ण ग्लायडरच्या अवरोधापेक्षा अधिक आहे. अंतराइतकीच वेळेतील घटही महत्त्वाची आहे, कारण इंजिन सुरू होत नसल्याचे लक्षात येणे, कारण शोधणे, पुन्हा प्रयत्न करणे आणि उतरण्याची जागा ठरवणे या सर्व गोष्टी त्याच पाच मिनिटांत कराव्या लागतात.

पोहोचता येण्याजोग्या क्षेत्राचा विचार केला, तर घट आणखी मोठी दिसते. अंतर १८ वरून ८ किलोमीटर झाले, की आवाक्यातील वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे एक पंचमांश उरते. आधी दिसत असलेल्या पाच योग्य शेतांपैकी सरासरी एकच आवाक्यात राहते, असा त्याचा अर्थ होतो.

वेगाची निवड

अवरोधाचे दोन भाग असतात. आकार व घर्षण यांमुळे होणारा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, तर पंखांनी उत्थापन निर्माण करताना होणारा अवरोध वेग वाढल्यावर कमी होतो. हे दोन भाग समान असतात त्या वेगाला सर्वोत्तम ग्लाइड मिळतो. इंजिनाच्या खांबामुळे केवळ पहिला भाग वाढतो. परिणामी, सर्वोत्तम ग्लाइडचा वेग नेहमीपेक्षा कमी होतो.

समोरून वारा असल्यास ग्लायडरचा वैमानिक सहसा वेग वाढवतो. इंजिन बाहेर असताना याची किंमत जास्त मोजावी लागते. वरील उदाहरणात खांबाचा अवरोध ताशी १०० किलोमीटरला सुमारे १३५ न्यूटन आहे. ताशी १३० किलोमीटरला तो सुमारे २३० न्यूटन होतो. म्हणजे घाईने पुढे जाण्याच्या प्रयत्नात उंची झपाट्याने संपते. मात्र वेग कमी ठेवतानाही तो स्टॉलच्या, म्हणजे पंखांवरील हवेचा प्रवाह तुटून उत्थापन एकाएकी घटण्याच्या, वेगापासून पुरेसा वर असावा लागतो. उड्डाणपुस्तिकेत या अवस्थेसाठी दिलेला वेग दोन्ही बाजूंचा विचार करून ठरवलेला असतो.

तोल व नियंत्रण

खांबावरील प्रोपेलर ग्लायडरच्या गुरुत्वमध्याच्या बराच वर असतो. त्यामुळे इंजिनाचा रेटा नाक खाली ढकलतो, तर बंद इंजिनाचा अवरोध नाक वर उचलतो. चढताना इंजिन अचानक बंद पडले, तर नाक खाली ढकलणारा रेटा नाहीसा होतो, अवरोध मात्र कायम राहतो. नाक आधीच वर असते आणि वेग काही क्षणांत घसरतो. म्हणून अशा वेळी सर्वप्रथम दांडी पुढे करून नाक खाली घ्यावे आणि वेग राखावा, असे शिकवले जाते. इंजिनाकडे पाहणे त्यानंतर येते. उड्डाणानंतर लगेच, कमी उंचीवर हे घडल्यास या क्रमाला प्राणमोल असते.

खांबामागील अस्थिर हवा शेपटीवर आदळते. काही प्रकारांत त्यामुळे शेपूट व दांडी थरथरते. स्टॉलपूर्वी ग्लायडर अशाच प्रकारे थरथरून इशारा देत असल्यामुळे हा इशारा झाकला जाण्याची शक्यता असते. अशा वेळी वेगमापकावर अधिक लक्ष ठेवावे लागते.

इंजिन बाहेर काढण्याचा निर्णय

इंजिन बाहेर काढणे, ते सुरू करणे आणि ते पूर्ण शक्तीने चालू लागणे यांत काही वेळ जातो. या काळात अवरोध वाढलेला असतो, पण रेटा मिळालेला नसतो. वरील उदाहरणातील दराने ३० सेकंदांत सुमारे ४० मीटर उंची जाते. दुसरा प्रयत्न करावा लागल्यास एका मिनिटात ८० मीटरपेक्षा अधिक उंची संपते. खाली येणाऱ्या हवेत हे आकडे आणखी वाढतात.

अनेक टर्बो ग्लायडरांना विजेचा स्टार्टर नसतो. त्यांत सिलिंडरमधील दाब कमी करणारी झडप उघडून ग्लायडर खाली झुकवले जाते. वेग वाढला, की प्रोपेलर वाऱ्याने फिरू लागतो आणि नंतर झडप बंद केल्यावर इंजिन पेट घेते. या कृतीसाठी उंचीचा साठा अधिक लागतो, कारण वेग मिळवण्यासाठीही उंचीच खर्च होते.

यावरून पुढील नियम रूढ झाले आहेत.

- इंजिन सुरू होणार नाही, असे गृहीत धरूनच ते बाहेर काढावे.
- आधी उतरण्यायोग्य जागा निवडावी आणि इंजिन बाहेर असतानाच्या ग्लाइडने ती आवाक्यात आहे याची खात्री करावी.
- प्रयत्न त्या जागेच्या जवळ, शक्यतो तिच्या वाऱ्याकडील बाजूस करावा.
- प्रयत्न सोडून देण्याची उंची आधीच ठरवावी आणि ती आल्यावर केवळ उतरण्याकडे लक्ष द्यावे.

किमान उंची ग्लायडरचा प्रकार, भूप्रदेश व वैमानिकाचा अनुभव यांवर अवलंबून असते. जंगल, डोंगर किंवा दाट वस्तीच्या वर कोणतीही उंची आपोआप सुरक्षित ठरत नाही. जवळ शेत असताना शंभर मीटर कमी असणे हे निर्जन जंगलावर शंभर मीटर अधिक असण्यापेक्षा बरे असते. इंजिन सुरू होईल या भरवशावर उतरण्यायोग्य प्रदेश मागे सोडणे आणि नंतर कमी उंचीवर इंजिनाशी झगडत राहणे, हा अशा अपघातांचा नेहमीचा क्रम आहे.

उतरण्यावरील परिणाम

फेरा: ग्लायडर सहसा उतरण्याच्या जागेच्या बाजूने वाऱ्याच्या दिशेत जाते, मग काटकोनात वळते आणि शेवटी वाऱ्याला सामोरे होऊन खाली येते. इंजिन बाहेर असताना हा फेरा नेहमीपेक्षा अधिक उंचीवर सुरू करतात आणि जागेच्या जवळ ठेवतात. शेवटचे वळणही लवकर घेतात. नेहमीच्या सवयीने दूरवर गेल्यास शेताच्या कडेपर्यंतही न पोहोचण्याचा धोका असतो.

एअरब्रेक: पंखातून वर येणारे एअरब्रेक अवरोध वाढवून उतार तीव्र करतात. युरोपीय प्रमाणन नियमांनुसार ते पूर्ण उघडल्यावर उतार किमान एकास सात इतका तीव्र असावा लागतो. बाहेर काढलेले इंजिन हे एक प्रकारे कायम उघडा राहिलेला छोटा एअरब्रेकच असते, पण एअरब्रेक वैमानिकाला हवा तेव्हा बंद करता येतो, इंजिनाचा अवरोध नाही. उंची जास्त झाली तर ती घालवण्याचा उपाय हाताशी असतो, कमी पडली तर मात्र कोणताही उपाय उरत नाही. म्हणून जागा निश्चितपणे आवाक्यात येईपर्यंत एअरब्रेक बंद ठेवतात.

वरील उदाहरणातील ग्लायडरचे एअरब्रेक पूर्ण उघडून उतार एकास सात झाला असेल, तर इंजिनाच्या अवरोधाची भर पडल्यावर तो सुमारे एकास सहा होतो. ताशी १०० किलोमीटर वेगाला खाली येण्याचा वेग सेकंदाला सुमारे ४ मीटरवरून ४.७ मीटरपर्यंत वाढतो. हा फरक लहान दिसला, तरी जमिनीजवळ तो जाणवतो.

जमिनीला टेकणे: जमिनीजवळ आल्यावर नाक थोडे उचलून उतार सपाट केला जातो. इंजिन बाहेर असताना उतार तीव्र असल्याने हा बदल मोठा असतो आणि तो करताना वेग लवकर ओसरतो. वरील उदाहरणात एअरब्रेक बंद असताना ताशी १८ किलोमीटर वेग गमावण्यास नेहमीच्या सुमारे २३ सेकंदांऐवजी सुमारे १० सेकंदच लागतात. जमिनीवरून बराच वेळ तरंगत जाण्याची सवय असलेल्या वैमानिकाला त्यामुळे ग्लायडर अचानक खाली बसल्यासारखे वाटते. वेग कमी असताना एअरब्रेक पूर्ण उघडे ठेवल्यास टेकणे आदळण्यात बदलू शकते आणि वैमानिकाच्या पाठीच्या कण्याला इजा होण्याचा धोका असतो. म्हणून पुस्तिकेतील वेग अखेरपर्यंत राखतात आणि शेवटच्या टप्प्यात एअरब्रेक गरजेपुरतेच उघडतात.

शेतात उतरण्यापूर्वी वेळ असल्यास इंधनाची झडप, प्रज्वलन आणि इंजिनाचा विद्युत पुरवठा बंद करतात. अनेक प्रकारांत इंजिन वैमानिकाच्या मागे व वर असते. ग्लायडर अडथळ्यावर आदळल्यास ते सुटून पुढे येऊ नये, यासाठी त्याच्या आधाराच्या मजबुतीबाबत प्रमाणन नियमांत स्वतंत्र अट आहे.

इंजिन परत आत न जाणे

इंजिन काम करून बंद झाल्यावरही अडचण येऊ शकते. प्रोपेलर योग्य स्थितीत न थांबणे, बॅटरीचा दाब कमी होणे किंवा यंत्रणा अडकणे यांमुळे खांब पूर्ण किंवा अर्धवट बाहेर राहतो. काही प्रकारांत गरम इंजिन थंड होण्यासाठीही ते काही काळ बाहेर ठेवावे लागते आणि तेवढा वेळ अवरोध कायम राहतो. पुरेशी उंची असल्यास पुस्तिकेतील कृती पुन्हा करून पाहता येते. फेऱ्याच्या उंचीवर आल्यानंतर मात्र खांब आहे तसा ठेवून उतरणेच सुरक्षित मानले जाते. इंजिनाचे नुकसान दुरुस्त होऊ शकते, परंतु आरशात किंवा बटणांकडे पाहत घालवलेली उंची परत मिळत नाही.

रचनेतील उपाय

हा दोष कमी करण्यासाठी निरनिराळ्या रचना वापरल्या गेल्या आहेत. एएसएच २६ ई मध्ये इंजिन धडातच राहत असल्यामुळे बाहेर येणारा भाग तुलनेने सडपातळ असतो. श्टेमे एस१० मध्ये इंजिन वैमानिकांच्या मागे धडात असून एक लांब दांडा नाकातील प्रोपेलरला फिरवतो. इंजिन बंद असताना प्रोपेलरची पाती घडी होऊन नाकाच्या टोपणाआड जातात. नाकावरील विद्युत साहाय्यक मोटरच्या रचनेत पाती धडाला चिकटून मागे दुमडतात. तिला खांबच नसल्यामुळे मोटर सुरू झाली नाही, तरी ग्लाइडमध्ये होणारी घट अगदी कमी असते. काही ग्लायडरांत लहान जेट इंजिन वापरतात. त्याचा बाहेर येणारा भागही प्रोपेलरच्या खांबापेक्षा आटोपशीर असतो.

प्रशिक्षण

इंजिन बाहेर असतानाच्या ग्लाइडचा अनुभव विमानतळावर, भरपूर उंचीवर आणि शांत हवेत घेतला जातो. इंजिन बाहेर काढून बंद ठेवायचे, पुस्तिकेतील वेग राखायचा आणि ठरावीक वेळात गेलेली उंची मोजायची, असा हा सराव असतो. त्यावरून वैमानिकाला आपल्या ग्लायडरचा प्रत्यक्ष आकडा समजतो. पुस्तिकेतील आकडा नव्या व स्वच्छ ग्लायडरचा असू शकतो. पावसाने ओले झालेले किंवा कीटकांनी माखलेले पंख असल्यास त्यात आणखी घट होते. इंजिन सुरू न झाल्यास काय करायचे, हा क्रम जमिनीवर बसून तोंडपाठ करण्यावरही प्रशिक्षक भर देतात, कारण प्रत्यक्ष वेळ आल्यावर विचार करण्यास मिळणारा अवधी इंजिनाच्याच अवरोधामुळे निम्म्याहून कमी झालेला असतो.